तेवढा एक स्लॅब

आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये दर सोमवारी एक टेबल ठरलेलं असतं. तिथे कुणीतरी वीकेंडचे फोटो दाखवत असतं. पूर्वी त्यात ट्रेक असायचे, मग थायलंड आलं आणि हल्ली येतं ते मातीचं घर! कुठल्याशा होमस्टेची लिंपलेली भिंत, भिंतीत बसवलेल्या रंगीत बाटल्या, ओटीवर पितळी कंदील आणि शेजारी कॉफीचा मग घेऊन ध्यानस्थ बसलेला आपला टीम लीड. ‘यार, असंच राहायला पाहिजे,’ असं कुणीतरी म्हणतं. सगळे माना डोलावतात. मग लंच संपतो आणि मंडळी एसीमध्ये अंगावर जॅकेट चढवून पुन्हा स्क्रीनसमोर बसतात.

त्या माना डोलावणाऱ्यांमध्ये मी पहिली. फरक इतकाच, की मी मान डोलावून थांबले नाही. मी बांधायलाच निघाले. आणि बांधकामात सिमेंटपेक्षा नातेवाईक जास्त लागतात, हे मला तिथे कळलं.

तर सांगायचं म्हणजे, आमचं गाव दापोली तालुक्यात, समुद्रापासून दोन डोंगर आत. आजोबांच्या वेळचं घर. खाली जांभ्याचं जोतं, मधे मातीच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. घरात काका-काकू. आम्ही पुण्याची भावंडं मे महिन्यात आंबे खायला आणि गणपतीत मोदक खायला जाणारी, म्हणजे जाणकारच म्हणा ना!

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या आसपास किनाऱ्यावर आलं. दापोली-मंडणगडच्या वाड्याच्या वाड्या त्याने झोपवल्या. लॉकडाऊनमुळे आम्ही पुण्यात अडकलेलो, फोन बंद, वीज बंद. चार दिवसांनी काकांचा आवाज ऐकू आला तेव्हा ते फक्त एवढंच म्हणाले, ‘आम्ही आहोत. घर नाही.’ कौलं उडाली होती, पडवीवर नारळ आडवा झाला होता आणि उघड्या पडलेल्या मातीच्या भिंतींवर पुढचे चार महिने कोकणातला पाऊस पडला. त्याचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. नंतरची दोन वर्षं काका-काकूंनी उरलेल्या दोन खोल्यांवर पत्रे टाकून काढली.

२०२२ च्या दिवाळीत ठरलं, की घर नव्याने बांधायचं. पैसे आम्ही भावंडांनी घालायचे. मी लगेच लॅपटॉप उघडला. माझ्याकडे फोल्डर तयार होतं! माती, बांबू, चुना, जांभा... सगळं नैसर्गिक. काकांनी सगळे फोटो शांतपणे पाहिले आणि म्हणाले, ‘छान आहे. पण आपल्याला स्लॅब टाकायचा.’

झालं! तिथून सहा महिने आमच्या घराचा कुरुक्षेत्र झाला.

माझा समज साधा होता. काकांना स्लॅब हवा म्हणजे प्रेस्टिज इश्यू. गावात मुंबईच्या पैशांवर उभ्या राहिलेल्या स्लॅबच्या घरांची रांग लागलीये, त्यात आपलं कौलारू दिसायला नको. मी लेक्चर द्यायला सुरुवात केली. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमुळे होतं, सिमेंटच्या भट्टीला १४५० अंशांपर्यंत तापवावं लागतं, वगैरे वगैरे. काका ऐकून घ्यायचे. ते माणूसच तसे. खरी बॅटिंग केली ती काकूने.

‘काय गो,’ ती म्हणाली, ‘तुझ्या या फोटोंत सारवणारी बाई कुठं दिसते का?’

मी पुन्हा फोटो पाहिले. खरंच नव्हती.

काकू त्या घरात लग्न होऊन आली त्याला चाळीसच्या वर वर्षं झाली. दर आठवड्याला शेण कालवून जमीन सारवायची. पावसात सारवलेलं वाळत नाही, तरी सारवायचं. दर दिवाळीला जमीन उकरून, नवी माती घालून, चोपण्याने चोपायची. उन्हाळा संपता संपता कौलं परतायची. पाऊस लागायच्या आत भिंतींना नारळाच्या झापांची झड बांधायची. तिचे गुडघे आता बोलतात. तिला चकचकीत लादी हवी होती, जिच्यावर उभ्याने पोछा फिरवता येतो. ‘आमी मातीत होतो तेव्हा तुमी आमाला गावठी म्हणत होतात,’ काकू म्हणाली, ‘आता माती तुमची झाली काय?’

या प्रश्नावर माझ्या फोल्डरमध्ये उत्तर नव्हतं.

अशा वेळी सुशिक्षित माणूस काय करतो? अभ्यासाला लागतो! त्या वर्षी एका कॉन्फरन्सच्या निमित्ताने तिरुअनंतपुरमला गेले होते. रेल्वे स्टेशनजवळ इंडियन कॉफी हाउस आहे, विटांचं, गोल गोल वर चढत जाणारं. आत सरळ जिना नाही, मजला नाही, एक उतार वर वर जातो आणि त्याच्या कडेने टेबलं. ते लॉरी बेकर यांचं काम. हे बेकर १९१७ मध्ये इंग्लंडात, बर्मिंगहॅमला जन्मले. ऐन युद्धकाळात जहाजाची वाट बघत मुंबईत थांबलेले असताना गांधीजींशी भेट झाली आणि पुढे ते भारतातच राहिले. १९९० मध्ये पद्मश्री मिळाली, २००७ मध्ये तिरुअनंतपुरमलाच गेले. आदर्श घर हे पाच मैलांच्या परिघात मिळणाऱ्या सामानातून उभं राहावं, ही गांधीजींची कल्पना त्यांनी आयुष्यभर डोक्यात ठेवली.

तिथे मसाला डोसा खाता खाता मी टिश्यू पेपरवर आमच्या गावाभोवती पाच मैलांचं वर्तुळ काढलं. त्यात काय काय येतं? जांभा. माती. बांबू. ऐन, किंजळ आणि फणसाचं लाकूड. शेण. नारळाची झापं. आणि पडलेलं घर! हा शेवटचा माल मी आतापर्यंत मोजलाच नव्हता.

जांभा ही आपल्याकडची भन्नाट गोष्ट आहे. फ्रान्सिस बुकॅनन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने १८०७ मध्ये केरळातल्या अंगाडीपुरमच्या अशा दगडाचं वर्णन करताना त्याला ‘लॅटेराइट’ नाव दिलं. लॅटिनमध्ये ‘लेटर’ म्हणजे वीट. नाव अगदी फिट्ट आहे, कारण हा दगड खाणीतून निघताना इतका मऊ असतो, की कापून त्याच्या विटा करता येतात. मग हवा-उन्हात तो कडक होत जातो. भट्टी नाही, भाजणं नाही. आमच्याकडे त्या विटेला चिरा म्हणतात. कोकणातली देवळं, विहिरी, गडगे, पाखाड्या सगळं त्याचंच.

पण थांबा, लगेच टाळ्या नकोत. चिरा येतो कुठून? खाणीतून. आता यंत्राने कापतात आणि डोंगरमाथ्यावरचे सडे चौकोनी खड्ड्यांनी भरत चाललेत. आपल्याला बाहेरून उजाड वाटणाऱ्या याच सड्यांवर पावसाळ्यात फुलांचे गालिचे उगवतात. रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर ती प्रसिद्ध कातळशिल्पं आहेत, जी २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. म्हणजे ‘नैसर्गिक’ या शब्दाने आपोआप पुण्य लागत नाही. म्हणून पहिला निर्णय असा झाला, की जुन्या घराच्या जोत्याचा आणि पडक्या गोठ्याचा चिरा निवडून परत वापरायचा आणि कमी पडेल तेवढाच नवा आणायचा. या निर्णयावर काकाही खूश झाले. आजोबांचे दगड वाया जात नव्हते ना!

दुसरा धडा आमच्या गवंड्याने दिला. साठीतला माणूस, चुन्याचं काम वडिलांकडे शिकलेला. मी त्याला म्हटलं, ‘भिंती दीड फुटी मातीच्या करू. आत गार राहील.’ तो म्हणाला, ‘ताई, गारवा भिंतीत नसतो. वाऱ्यात असतो.’

मला वाटलं, अंगकाम टाळतोय. नंतर वाचलं तेव्हा कळलं, की बरोबर तोच होता. जाड मातीची भिंत दिवसाची उष्णता पोटात घेते आणि रात्री सोडते. सोलापूर, विदर्भ, खानदेशात हे जमतं, कारण तिथे दिवस भाजतो आणि रात्र बऱ्यापैकी निवते. कोकणात दिवस आणि रात्र यांत तेवढा फरकच नसतो. वर हवेत दमटपणा. घाम वाळला तरच गार वाटणार आणि त्यासाठी अंगावरून वारा गेला पाहिजे. म्हणून जुनी कोकणी घरं बघा! उंच जोतं, उतरतं छप्पर, माणसाच्या खांद्यापर्यंत खाली आलेल्या पागोळ्या, तिन्ही बाजूंना पडवी, समोरासमोर दारं. उघडी ओटी ते परसदार एका रेषेत. ऊन भिंतीपर्यंत पोहोचत नाही आणि पाऊसही नाही. शिवाय कौलांच्या फटींतून तापलेली हवा वरच्या वर निघून जाते. आपल्या आजोबांना थर्मल कम्फर्ट हा शब्द माहीत नव्हता, पण ते त्यात झोपत होते.

म्हणजे राजस्थानातलं मातीचं घर उचलून दापोलीत ठेवणं हे केरळातलं घर लडाखमध्ये ठेवण्यासारखंच. माझ्या फोल्डरमधले निम्मे फोटो त्या दिवशी डिलीट झाले.

मग असं ठरलं. बाहेरच्या भिंती चिऱ्याच्या, दर्जा चुन्याच्या. आतल्या भिंती बांबूच्या कुडाच्या, वरून मातीचं लिंपण. पश्चिमेच्या पडवीतली एकच भिंत संपूर्ण मातीने लिंपायची, कारण मी हट्टच धरला होता. छप्पर कौलांचं. काका गप्प होते. मला वाटलं, पटलं त्यांना.

बँकेचं प्रकरण थोडक्यात सांगते. कर्जासाठी गेले तर समोरच्या साहेबांनी ‘भिंती कशाच्या?’ या रकान्यापाशी पेन थांबवलं. चुना, चिरा, कुड, माती हे ऐकून त्यांनी माझ्याकडे इतक्या सहानुभूतीने पाहिलं, की मीच त्यांना चहा विचारायला हवा होता. घराचं आयुष्य किती धरायचं, या प्रश्नावर गाडी अडली. ‘आजोबांचं घर सत्तर वर्षं उभं होतं,’ म्हटलं. ‘आणि आता?’ त्यांनी विचारलं. गप्प बसले. शेवटी भावाने आणि मी पर्सनल लोन काढलं, जास्त व्याजाचं. नैसर्गिक घर स्वस्तात होतं अशी एक अफवा आहे. सामान स्वस्त पडतं हे खरं, पण हात महाग पडतात. कळीचा चुना पाण्यात फोडून आठवडेच्या आठवडे मुरवत ठेवायचा, त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायचं, थर द्यायचा, त्याला रोज ओलं ठेवायचं, मग पुढचा थर. सिमेंटला जे काम दोन दिवसांत, त्याला इथे दोन आठवडे. तरी एक सांगते, आमच्या पैशांतला मोठा वाटा गावातल्याच पंधरा-वीस माणसांच्या घरी गेला. सिमेंटच्या गोणीबरोबर तो गावाबाहेर गेला असता.

आणि हो, पाच मैलांचा नियम मोडलाच. शिंपल्यांचा चुना भाजणाऱ्या भट्ट्या आमच्या बाजूला आता राहिल्या नाहीत. चुना ट्रकमधून आला.

चुना आणि सुरखी ही जोडी मात्र मला फार आवडली. नुसता चुना हवेतून हळूहळू कार्बन डायऑक्साइड परत शोषत घट्ट होतो, पण आपल्याकडच्या पावसात तेवढा वेळ असतो कुणाला? त्यात भाजलेल्या मातीची पूड घातली, की तो पाण्यालाही दाद देत नाही. ही पूड म्हणजे सुरखी. आमच्याकडे फुटक्या कौलांचा ढीग होता. वादळाने फोडलेली कौलं कुटून आम्ही चुन्यात घातली. काकू आणि वाडीतल्या दोघीजणी ओटीवर बसून कुटत होत्या आणि मधेमधे मला शिव्या घालत होत्या. प्रेमळ असाव्यात, असं मी धरून चालले आहे.

आता त्या संध्याकाळकडे येते.

२०२३ चा एप्रिल. भिंती दारांच्या उंचीपर्यंत आल्या होत्या. गवंडी म्हणाला, इथे चारही भिंतींवरून काँक्रीटचा एक सलग पट्टा फिरवायचा. मी पुन्हा फणा काढला. काँक्रीट? तेव्हा त्याने किल्लारीचं नाव घेतलं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. लातूर-उस्मानाबादची ती गावं मातीमुळे गेली असं आपण सरसकट म्हणतो. खरं तर तिथे भिंती अनघड दगडांच्या, दोन पदरी, मधे मातीची भर, दोन पदर एकमेकांना बांधणारा आरपार दगड नाही आणि डोक्यावर धाब्याच्या मातीचं प्रचंड ओझं. भिंत हलली, पदर सुटले, ओझं खाली आलं. भिंतींना पट्ट्याने एकत्र बांधलं, डोक्यावर हलकं छप्पर ठेवलं, तर साधं घरही बरंच टिकतं. याचे भारतीय मानकांत चक्क नियम आहेत, १९९३ पासूनचे. आणि कोयना आमच्यापासून काही चंद्रावर नाही. १९६७ चा भूकंप काकांना आठवतो. मी पट्ट्याला हो म्हटलं.

काका तिथेच चिऱ्यांच्या ढिगावर बसले होते. ते पहिल्यांदाच स्वतःहून बोलले.

‘त्या दिवशी कौलं उडायला लागली ना, तेव्हा आम्ही दोघं मधल्या खोलीत खाटेखाली होतो. वरून कौलं पडत होती. समोरच्यांचा स्लॅब इथून वीस पावलांवर. हाका मारत होते ते. पण ही चालायला तयार नव्हती आणि मला तिला सोडून जाता येईना. दोन तास. वर नुसतं आभाळ.’

एवढंच. मग ते उठून गाईला पाणी दाखवायला गेले.

मी सहा महिने ज्याला प्रेस्टिज इश्यू समजत होते, तो हा होता. माझ्या कार्बनच्या आकड्यांना त्यांनी कधीच उलट उत्तर दिलं नव्हतं, कारण ते त्याबद्दल बोलतच नव्हते. त्यांना डोक्यावर असं काहीतरी हवं होतं, जे उडणार नाही. आणि मी त्यांना रंगीत बाटल्या दाखवत होते.

त्या रात्री मी आणि भाऊ नकाशा घेऊन बसलो. सगळ्या घराला स्लॅब नकोच होता. काकांनाही नको होता, उन्हाळ्यात स्लॅबखाली काय होतं हे त्यांनी समोरच्यांकडे पाहिलेलं. हवी होती एक खोली. मधली, देवघराला लागून, जाड चिऱ्याच्या चार भिंतींची. तेवढा एक स्लॅब!

आणि तोही कसा? इथे बेकरबाबा मदतीला आले. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट खरं म्हणजे फारसं काम करत नाही. ताण घेते ती सळई. काँक्रीटची ताकद लागते ती वरच्या भागात, जिथे दाब येतो. मग खालच्या भागात, सळयांच्या मधल्या जागेत काँक्रीटऐवजी हलकं, स्वस्त काहीतरी भरायचं. बेकर मंगलोरी कौलं भरायचे. दोन कौलं एकमेकांवर ठेवली, की मधे हवा राहते आणि खोलीही कमी तापते. वजन कमी, सिमेंट कमी, सळई कमी. याला फिलर स्लॅब म्हणतात.

आमच्याकडे कौलं होती. वादळातून वाचलेली, काकांनी गोठ्याच्या मागे एकावर एक रचून ठेवलेली. बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, तिथून ही जात किनाराभर पसरली. आमच्या कौलांच्या पोटावर तसाच कुठल्याशा कारखान्याचा पुसट शिक्का आहे. अख्खी, न तडकलेली निवडून, पाण्यात भिजवून, आम्ही ती स्लॅबमध्ये घातली. हिशेब दापोलीच्या इंजिनीअरकडून तपासून घेतला, हे आवर्जून सांगते. नाहीतर हे वाचून तुमच्यापैकी कुणी घरच्या घरी स्लॅब ओतायला निघायचं!

शटरिंग काढलं त्या दिवशी काका आत गेले आणि बराच वेळ वर बघत उभे राहिले. डोक्यावर सिमेंटच्या चौकटींत लाल कौलांच्या रांगा. तीच कौलं, जी त्या दुपारी उडाली नव्हती. ‘बरीच राहिली होती की,’ ते म्हणाले.

बाकीच्या छपराला वासे भिंतीतल्या पट्ट्यात लोखंडी पट्ट्यांनी जखडले, कडेच्या ओळींची कौलं तारेने बांधली. वारा आधी कडेला बोट घालतो, मग सगळं उचलतो, हे आता गावात पोरंसोरंही सांगतात. स्वयंपाकघरात आणि मधल्या खोलीत काकूच्या पसंतीची लादी बसली. पांढरी, चकचकीत, त्यावर निळं फूल. मला ती भयंकर दिसते. काकूला ती पुसायला पाच मिनिटं लागतात. विषय संपला. ओटी मात्र मातीची ठेवली आणि मी जाहीर केलं, की ती मी सारवणार. तीन वेळा सारवली. चौथ्या वेळी पाठ धरली. आता मी गेले तर मी, नाहीतर भावाचा मुलगा आणि कुणीच नसेल तर ती तशीच राहते. काकू तिला हात लावत नाही. करारच तसा आहे.

२०२४ च्या मे महिन्यात घर पूर्ण झालं. फोटो काढले, कँटीनमध्ये दाखवले, माना डोलल्या. पण कॉलमवाल्या बाईने खोटं बोलू नये, म्हणून पुढचंही सांगते.

पहिल्याच वर्षी माळ्याच्या बांबूतून पिठासारखी पूड पडायला लागली. घाईत आणलेला एक लॉट बोरॅक्स-बोरिक अ‍ॅसिडच्या पाण्यात पुरेसा मुरवला नव्हता. तो बदलला. पूर्वी खाली चूल असायची, तिच्या धुराने वरच्या लाकडा-बांबूला कीड कमी लागायची. आता गॅस आहे आणि काकूच्या डोळ्यांसाठी तो राहणारच. म्हणजे धूर जे काम फुकटात करत होता, ते आपल्याला हाताने करावं लागणार.

आणि २०२५ मध्ये पाऊस मेमध्येच आला! दरवर्षी जूनच्या सुरुवातीला येणारा पाहुणा दोन आठवडे आधी दारात. झापं बांधायची राहिली होती. पश्चिमेची माझी लाडकी मातीची भिंत दोन दिवसांच्या झडीत खांद्यापासून खाली उतरली. आतला कुड फासळ्यांसारखा दिसायला लागला. काकांनी फोन करून सांगितलं, ‘तुझी भिंत गेली. बाकी सगळं ठीक.’ त्या ‘तुझी’मध्ये काय काय होतं ते मी ऐकलं.

त्याच पावसात वाळत घातलेली कोकमं मात्र वाचली, कारण काकांनी ती झटपट मधल्या खोलीत नेली. जागा कोरडी, वर स्लॅब. वादळ नसतानाही ती खोली रोज काहीतरी सांभाळत असते. तांदूळ, आमसुलं, काकांची दुपारची झोप.

आता खरा हिशेब. परवा नाश्त्याला नवरोबाने कॅल्क्युलेटर काढला. पुण्याहून गावी जाऊन-येऊन पावणेचारशे किलोमीटर धरा. आमची गाडी लिटरला पंधरा देते, म्हणजे पंचवीस लिटर. एक लिटर पेट्रोल जळलं, की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे एका वीकेंडला साधारण ५७ किलो. आणि पन्नास किलोच्या सिमेंटच्या गोणीमागे ढोबळमानाने ३० ते ४५ किलो. ‘तू दर खेपेला एका गोणीपेक्षा जास्त उडवतेस,’ तो शांतपणे म्हणाला आणि टोस्टला लोणी लावायला लागला.

चिडले. मग विचार केला. चुन्याच्या भिंतींनी जे वाचवलं, ते मी ताम्हिणी घाटात जाळत असेन, तर या घराला माझ्या भेटींचं घर म्हणून काही अर्थच नाही. त्याला अर्थ आहे तो काका-काकू त्यात रोज राहतात म्हणून. मातीला, चुन्याला, बांबूला कुणीतरी रोज लागतं. वेळेवर झापं बांधणारं, फुटलेलं कौल बदलणारं, पुडीचा आवाज ओळखणारं. कुलूप लावलेलं काँक्रीटचं घर वर्षभर तसंच राहील. कुलूप लावलेलं मातीचं घर दोन पावसाळ्यांत जमिनीत जाईल. त्यामुळे कँटीनमध्ये कुणी ‘आपण पण असं एक सेकंड होम बांधू या’ म्हणालं, की मी हल्ली एकच विचारते, ‘राहणार कोण?’ टेबल शांत होतं. मी जरा नकोशीच झालेय तिथे.

आता महिन्यातून दोनदाऐवजी दोन महिन्यांतून एकदा जाते, एसटीने. रात्री बसायचं, पहाटे उतरायचं. काका स्टँडवर येतात.

या शनिवारी जायचंय, पश्चिमेची भिंत पुन्हा लिंपायला. काकूला फोन केला, म्हटलं, माती-भुसा-शेण कालवून दोन दिवस मुरत ठेवशील का? ती म्हणाली, ‘ठेवलंय. आणि ते हातमोजे आणू नकोस गो. मागच्या वेळी वाडीभर हसली.’